तारप्याला पाठ दाखवायची नाही

दिवाळी सरली की आमच्या पाड्यावरची अर्धी घरं बंद व्हायची. आईबाप वीटभट्टीवर जायचे, पोरं त्यांच्या मागोमाग, आणि शाळेच्या हजेरीपटात एकेका नावापुढे फुल्या पडत जायच्या. माझ्या नावापुढे पडल्या नाहीत, कारण माझा सोमाकाका भट्टीवर गेला नाही. "हिची शाळा हाय, मी ऱ्हातो," एवढंच तो माझ्या बापाला म्हणाला आणि दरसाल नागलीची भाकर थापून मला मोखाड्याच्या शाळेत धाडत राहिला. मागच्या महिन्यात काका गेला. भावाचा फोन आला तेव्हा मी जव्हारला वर्गात उभी होते... खडू हातातच राहिला.

दहाव्याला एक पुढारी आले. म्हणाले, "सोमाभाऊ अडाणी होते, पण तारपा गोड वाजवायचे." लोकांनी माना डोलावल्या. तो 'पण' अजून माझ्या पोटात बसलाय. ज्याला तुम्ही अडाणी म्हणता, त्याने मला फ्रेंचचं व्याकरण शिकवलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. नाशिकला वर्गात मी 'माझा घर' म्हटलं की बाकं हसायची. आमच्याकडे घर असंच बोलतात, मला त्यात चूक दिसत नव्हती. मी फ्रेंच घ्यायचं म्हटलं तेव्हा शेजारची मुलगी म्हणाली, "अगं, आधी मराठी तरी नीट बोल." म्हणूनच घेतलं. त्या वर्गात पहिल्या दिवशी सगळेच चुकले आणि कुणी कुणाला हसलं नाही. पण पुढे मी अडले. फ्रेंचमध्ये नाम स्त्रीलिंगी असलं की त्याचं वर्णन करणारा मागचापुढचा प्रत्येक शब्द त्याच्यासारखा व्हावा लागतो. मी एक बदलायची, दुसरा विसरायची. तोंडी परीक्षेत नापास झाले आणि पिशवी भरून घरी आले. परत जायचं नाही, असं ठरवूनच.

काका ओटीवर तारप्याच्या सांध्यात मेण भरत बसला होता. भोपळा, बांबू आणि ताडाचं पान, एवढ्यावर त्याचं वाद्य उभं. वर न बघता म्हणाला, "अडलं कुठं?" मी चिडूनच सगळं सांगितलं. त्याने सांध्यावर अंगठा दाबला आणि विचारलं, "यात पुढं कोन?"

"नाम."

"मंग तो नाचातला तारपेवाला. तो वळला का आख्खी रांग वळते. तारप्याला पाठ दाखवायची नाय, येवढं तर तुला चालायला लागल्यापासून ठावं हाय ना, बाय?"

त्याने मला अंगणात उभं केलं. तो फुंकायचा, मी पावलागणिक एकेक शब्द टाकायची. ला ग्राँद मेझों व्हेर्त. मोठं, हिरवं घर. काकाने विचारलं, मेझों म्हणजे काय. मी म्हटलं, "घर. त्यांच्यात घर बाई असतं." "शानी मानसं दिसतात," काका म्हणाला आणि पुन्हा फुंकायला लागला. 'ग्राँद' म्हणून पुढे 'व्हेर्त'ऐवजी पुल्लिंगी 'व्हेर' येऊ लागलं की माझं पाऊल आधी अडखळायचं, जीभ नंतर. काकाला त्या भाषेचा एक शब्द येत नव्हता, त्याला पाऊल दिसायचं. लगेच तारपा थांबायचा. "रांग तुटली. पहिल्यापासून." सगळी सुट्टी असं चाललं. शेजारीपाजारी म्हणाले, सोमाने पोरगी येडी केली. काका म्हणाला, "तुमची कुठं शानी झाली?"

फेरपरीक्षेत टेबलाखाली माझा पाय हलत होता. परीक्षक बाईंनी विचारलं, "काही त्रास होतोय का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, रांगेत चालतेय." त्यांना काही कळलं नसावं. मी पास झाले. घरी येऊन सांगितलं तर काका म्हणाला, "मंग? आता दुसऱ्यांना नाचव."

जव्हारजवळचं शिरपामाळ बघायला आलेले पाहुणे कधी माझ्या फ्रेंच वर्गाची पाटी वाचून थांबतात. "इथे फ्रेंच कशाला?" मी विचारते, "तुमच्याकडे कशाला असतं?" मग ते फोटो काढायला निघून जातात. आमच्या भागाचं नाव घेतलं की त्यांना कुपोषण आठवतं. ते खोटं नाही. पण तेवढंच आठवत असेल तर अडाणी कोण, ते मी सांगायला नको.

काकाचा तारपा आता वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला आहे. मेण सुकून तडकलंय, फुंकलं तर नुसती हवा जाते. मी दुरुस्त केला नाही, ते हात माझे नाहीत. मुली बाकं मागे सरकवतात, एकमेकींच्या कमरेत हात घालून तारप्याकडे तोंड करून उभ्या राहतात आणि एकेका फ्रेंच शब्दावर पाऊल टाकतात. एखादी अडखळली की बाकीच्याच ओरडतात, "रांग तुटली."

यंदा फ्रेंचच्या पहिल्या परीक्षेला माझ्या वर्गातल्या सहा जणी बसल्या. सहाही पास झाल्या.