टोकावड्याच्या खळ्यावर दोन टनांची गाडी

सात सीटांची नवी गाडी दारात येऊन महिना झाला, तरी ती शहापूरच्या बाजारापलीकडे गेली नव्हती. दिवाळी सरली, शेतं कापून झाली, तेव्हा मीच बायकोला, वैशालीला म्हटलं, चल, माळशेजला एक मुक्काम करून येऊ. ब्लॉगवर मागे गाडीचा नुसता उल्लेख केला तर तुम्ही प्रश्नांचा भडिमार केला होता. म्हटलं, फोटोही काढू आणि उत्तरंही देऊ.

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगाव गाठा. रस्ता अरुंद, मधेमधे उखडलेला, पण गर्दी नाही. तिथून डावीकडे वळलं की माळशेजचा रस्ता. टोकावड्याला धाब्यावर थांबाच. भजी गरम असतात आणि दोघांचं चहापाणी तीस रुपयांत होतं. तिथे गाडीभोवती चार माणसं जमली. एव्हरेज किती देते, एसी लावून घाट चढते का, मागच्या सीटवर मोठी माणसं बसतात का, पासिंग कुठलं. मी उत्तरं देत होतो. देत कसला, मिरवत होतो! वजन विचारलं तेव्हा बॉनेटवर थाप मारून म्हणालो, "जवळजवळ दोन टन."

पुढे रस्त्यालगत एक शेत लागलं. मागे डोंगर, बाजूला भाताचे भारे रचलेले आणि मधे भात झोडायला केलेलं खळं, शेणाने सारवून गुळगुळीत केलेलं. फोटोला फक्कड जागा. वैशाली म्हणाली, अहो, ते ओलं दिसतंय. मलाही दिसत होतं. लहानपणी मामाच्या खळ्यावर चपला घालून गेलो म्हणून कानाखाली खाल्लेला माणूस मी. तरी म्हटलं, दोनच मिनिटं, आणि गाडी वर घातली.

तीन फोटो काढून वळलो तर डोक्यावर भारा घेतलेली म्हातारी उभी. तिने भारा उतरवला, चपला बांधावर काढल्या, चाकोरीपाशी बसली आणि तीत बोटं घालून बघितलं. तीन बोटं आत गेली. कालच चोपून सारवलंय, उद्या झोडणीला माणसं सांगितलीत, एवढंच म्हणाली. मग विचारलं, "कुठलं वो तुमी?"

"ठाण्याचे," मी म्हणालो. नंबरप्लेटवर ठाणंच होतं ना!

"मंग तुमाला काय ठावं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. जावा तुमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं काही सांगितलं नाही, गाडी हळूच उतरवली आणि निघालो. घाट चढलो. वर मुक्कामाची खोली चांगली होती, खिडकीतून दरी दिसते, पिठलं-भाकरी झकास मिळते. तुम्ही जरूर जा.

दुसऱ्या दिवशी परतताना ते शेत आलं. झोडणीची माणसं नव्हती. म्हातारी एकटीच ओणवी होऊन सारवत होती.

"थांबवा," वैशाली म्हणाली, "मी उतरते."

मी थांबवली नाही. काच तेवढी वर केली.

घरी येऊन टायरच्या खाचांत वाळलेलं शेण काडीने उकरून काढलं. फोटो टाकत नाही, टाकायची हिंमत नाही. तुमच्या प्रश्नांची उत्तरं मात्र देतो. एव्हरेज बारा. एसी लावून घाट चढते, दुसऱ्या गिअरमध्ये. मागे मुलंच बसतील. वजन तीन बोटं. पासिंग ठाण्याचं. मालक शहापूरचा, आणि खळं म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.