टाकीवरची हाक

आमच्या बिल्डिंगमध्ये त्या काळी पाण्याला वेळ नव्हती. ते कधी पहाटे यायचं, कधी भर दुपारी सगळे पेंगत असताना, आणि आलं तसं निघून जायचं. जमिनीखालची टाकी लहान होती, तिच्यात पाणी पडायला लागलं की लगेच पंप लावून वर चढवलं नाही तर ती भरून बाकीचं वाहून जायचं, पण ते पडतंय हेच कुणाला कळायचं नाही. मग रिकाम्या बादल्या घेऊन सगळे जिन्यात एकमेकांवर खेकसायचे, मराठीत, हिंदीत, गुजरातीत. गोडदेवच्या त्या गल्लीत मी भांडणाच्या तिन्ही भाषा अशाच शिकले, आणि तोंडाने मी काही कमी नव्हते.

हे थांबवलं आमच्या शेजारच्या काकांनी. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेला माणूस. हात रिकामे राहिले की त्यांना बरं वाटायचं नाही. त्यांनी स्टीलच्या जेवणाच्या डब्याला भोकं पाडली, आत स्पीकर आणि आवाज साठवणारी एक चिप बसवली, आणि डबा जिन्यात टांगला. तिथून वायर टाकीत गेली. टाकीत पाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाखाली दोन सळ्या लावल्या होत्या, पाणी त्यांना टेकलं की डबा बोलायचा. घंटा नाही, भोंगा नाही, चक्क काकांचा आवाज: "पाणी आलं हो, पाणी आलं!"

तो आवाज भरला त्या दुपारी मी तिथेच होते. खिडकीतून मिठागरांवरचा खारट वारा येत होता, पडदा फुगून परत बसत होता, आणि मला उगाचच झोप येत होती. काकांनी बटण दाबून धरलं, घसा साफ केला, हाक मारली. शेवटचं "आलं" तोंडातच होतं, बोट बटणावरच होतं, तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, चहा गार होतोय! किती वेळा सांगायचं?"

तेही चिपमध्ये गेलं. मी म्हटलं, पुसा आणि परत बोला. काका हसत बसले. "राहू दे गं. हाक घरातून निघाली, हे कळतं त्यातून."

तेव्हापासून पाणी आलं की आधी काका हाक मारायचे आणि पाठोपाठ काकू खेकसायच्या. महिनाभरात दुसऱ्या मजल्यावरची गुजराती बेन जिन्यात विचारू लागली, "क्यूं काकी, चाय ठंडी हुई क्या?" म्हणजे पाणी आलं का. काकू लटक्या रागाने दार लावून घ्यायच्या.

मी घरी बसून छापखान्यासाठी लग्नपत्रिकांचा मजकूर लावून द्यायचे. त्यामुळे कॉम्प्युटर होता, फोनच्या लाइनवर चालणारं इंटरनेट होतं. एक दिवस काका डब्याची रेखाटनं घेऊन आले. "हे टाक तिकडे. ज्याला हवं त्याने बनवावं." मी म्हटलं, "काका, लोक असल्या वस्तू विकतात. तुम्ही फुकट वाटत सुटलात?" ते म्हणाले, "विहिरीवर दोर असतो बघ. ज्याला लागेल त्याने ओढावा, तुटला तर गाठ मारून परत ठेवावा. दोर कुणी घरी नेत नाही." अट एवढीच होती: डब्यात जो सुधारणा करेल, त्याने ती सगळ्यांना सांगायची. मी कुरकुरतच सगळं टाइप केलं. डबा नीट चालला तर कसा ऐकू येईल, हे कळावं म्हणून आमच्या डब्याचं बोलणंही नमुना म्हणून सोबत टाकलं.

उत्तरं यायला लागली. कुणी लातूरकडचा, कुणी रत्नागिरीकडचा, कुणी तर कुठल्या देशातला हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. दुपारी जेवण झालं की काका चपला दाराशी काढून माझ्या कॉम्प्युटरशेजारी बसायचे. मी वाचायचे, ते डोळे मिटून ऐकायचे. झोपले की काय म्हणून मी थांबले की म्हणायचे, "पुढे?" त्या दुपारी मला आता वेगवेगळ्या आठवत नाहीत. एकच लांबलचक दुपार आठवते, तिच्यात वारा आहे, काका आहेत आणि दूरदूरच्या टाक्यांमध्ये पाणी पडतंय.

एका हिवाळ्यात काका गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक काकूंकडे बसले होते. आणि जिन्यातून हाक आली, "पाणी आलं हो, पाणी आलं!" लगेच काकूंचा आवाज आला, तोच ठसका, तोच चहा. काकू भिंतीला टेकून स्वतःला ऐकत होत्या. कुणालाच उठवेना. शेवटी त्याच म्हणाल्या, "लावा पंप. जाईल पाणी."

पुढे काही आठवड्यांनी काकू माझ्याकडे आल्या. "माझं तेवढं काढून टाक त्यातून. ते हाक मारतात ते राहू दे. मी जन्मभर त्या माणसावर ओरडले, आता तेच रोज ऐकू?" मी प्रयत्न केला. पण काकांची हाक संपायच्या आत काकूंचं "अहो" सुरू झालेलं होतं. दोन्ही आवाज एकमेकांत अडकले होते. काकूंना काढायचं तर काकाही तुटत होते. मी तसं सांगितलं. काकू उठून गेल्या, आणि मला त्या चिपचा असा राग आला की विचारू नका.

त्यातच रत्नागिरीकडचे जे मास्तर आम्हाला लिहायचे, त्यांचं पत्र आलं. काकांनी वापरलेली चिप आता बाजारात मिळत नव्हती. त्यांनी दुसरी चिप शोधून सगळं नव्याने मांडलं होतं, चांगलं जमलं होतं. पण मूळ माणूस गेला, आता बदलाला हो कोण म्हणणार? बाकीचे अडून बसले होते. कुणी होकार दिला नाही तर प्रत्येक जण आपापला वेगळा डबा करणार आणि दोराचे तुकडे होणार, हे मलाही दिसत होतं. तरी मी उत्तर दिलं नाही. मी कोण हो म्हणणारी? मी पत्रिका लावणारी बाई. आणि खरं सांगायचं तर नवी मांडणी आली की आमच्या डब्यातलीही जुनी चिप जाणार, म्हणजे काकांचा आवाज जाणार. तो मला जायला नको होता.

तो मात्र जातच होता. खाऱ्या हवेने डब्याला गंज धरला होता. हाक खोल जायला लागली, पाण्याखालून कुणी बोलावं तशी. कधी कधी दुपारी अर्धवट झोपेत ती ऐकू आली की काका खरंच टाकीच्या तळाशी उभे आहेत असं वाटायचं.

शेवटी मास्तरांनी फोनच केला. नेमक्या काकू माझ्याकडे बसल्या होत्या. मास्तर म्हणाले, "ताई, निदान आमचा डबा ऐका तरी." त्यांनी फोन डब्याजवळ नेला. मी रिसीव्हर काकूंच्या कानाला लावला आणि माझाही कान त्याला भिडवला. मास्तरांची हाक आली, "पाणी आलं हो!" आणि मागून एका म्हातारीचा आवाज, "आधी गुरांना पाणी दाखव रे, मेल्या!"

काकू दचकल्या. मी विचारलं, "मास्तर, हे मागचं काय?"

"आमची आई," मास्तर म्हणाले. "तुमच्या नमुन्यात दोन आवाज होते ना? आम्हाला वाटलं, दुसरा लागतोच. घरातून कुणी ओरडलं म्हणजे डबा नीट चालला. आमच्याकडे सगळ्यांनी तसेच भरलेत. लातूरवाल्यांची तर बायको अख्खी शिवी देते."

काका गेल्यापासून काकू पहिल्यांदाच हसल्या. पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. मीही रडले. मास्तर बिचारे पलीकडून हॅलो हॅलो करत राहिले.

डोळे पुसून काकू म्हणाल्या, "हो म्हण त्यांना."

"पण काकू, काकांचा आवाज..."

"अगं, त्यांना किती दिवस टाकीपाशी उभं करून ठेवायचं? दमले असतील."

तेव्हा कुठे सुचून मी म्हटलं, वायर जोडून जुना आवाज नव्या चिपमध्ये उतरवता येईल. त्या म्हणाल्या, "नको. आता त्यांना घरात येऊन बसू दे. हाक मी मारते."

मी मास्तरांना होकार कळवला. त्यांनी नवी मांडणी पाठवली आणि फोनवरून सांगत सांगत माझ्याकडून सोल्डरिंग करून घेतलं. बोटं भाजली, शिव्या घातल्या, पण डबा उभा राहिला. आवाज काकूंच्या स्वयंपाकघरात भरला. चहा उकळत होता. फोटो काढायचा असावा तसा काकूंनी पदर नीट केला आणि बटण दाबलं.

"अहो, पाणी आलं हो!"

आणि बोट उचललंच नाही. मागचं काहीतरी मी ओरडायचं असेल असं वाटून मी तोंड उघडलं, तर त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. चहा उकळत राहिला. बाहेर कावळा ओरडला. चिप भरली तेव्हा त्यांनी बोट काढलं.

नवी रेखाटनं सगळ्यांकडे जायच्या आधी, आमचा नवा नमुना ऐकून मास्तरांनी एकच शंका काढली. हाक एवढी लहान, मग आवाजाला एवढा वेळ कशाला? कमी केला तर स्वस्तातली चिपही चालेल. मी उत्तर लिहिलं, वेळ कमी करू नका, तो उत्तरासाठी आहे. डब्याबद्दल मी स्वतः ठरवलेली ती पहिली गोष्ट.

त्यानंतर पाणी आलं की जिन्यात काकूंची हाक यायची, आणि मग नुसता चहा उकळायचा. तेवढा वेळ कुणी पायरी उतरायचं नाही, गुजराती बेनसुद्धा बादली हातात धरून थांबायची. काकू आपल्या दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकायच्या. मग म्हणायच्या, "हं, लावा पंप."