माशांना लागलेली थंडी

बहारीनमधल्या अरादच्या आमच्या घरमालकाने अंगणातल्या तळ्याला परवानगी दिली ती एका अटीवर. मासे जिवंत आहेत तोवर तळं. मेले की खलास. तळं बुजवायचं आणि तिथे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याची पिकअप लावायची. तेव्हापासून शेजारी रोज सकाळी बाल्कनीतून माझ्या माशांची तब्येत विचारायचा. तो रत्नागिरीकडचा, मसाल्याचा व्यापारी. मी वसईचा, झल्लाकच्या हॉटेलात रिसेप्शनवर. परदेशात मराठीत भांडायला माणूस मिळत नाही म्हणतात. मला घराच्या डोक्यावरच मिळाला होता.

जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला आणि मासे तळाशी जाऊन बसले. दाणे टाकले तरी वर येईनात. मी मोबाइलवर उपाय शोधला. कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या माणसाने लिहिलं होतं, पाण्यावर चेंडू तरंगत ठेवा, म्हणजे तळं सगळं गोठत नाही. बहारीनमध्ये पाणी गोठत नाही एवढं मलाही कळतं. तरी मुलाचा फुटबॉल सोडला. काहीतरी केल्यासारखं वाटलं.

"काय ओ," वरून आवाज आला, "बर्फाची वाट बघताय की गोलची?"

बायको दारातून म्हणाली, "स्वेटर पण घाला त्यांना."

आता मी चिडलो. बादलीत पाणी तापवायचा गावाहून आणलेला रॉड फळीला बांधला, तळ्यात सोडला आणि बटण दाबलं. अख्ख्या घराची वीज गेली.

शेजारी खाली आला तो डोक्याला साबणाचा फेस आणि कमरेला लुंगी अशा थाटात.

"तुमच्या माशांना गरम पाणी, आणि मी असा अर्धवट?"

"तुम्हाला तळं नकोय, म्हणून बोलताय."

"नकोच आहे. लपवतोय कोण?" तो पाण्यावर वाकला. "एक तरी हलतोय का बघा. मेले तुमचे." आणि तिथूनच त्याने मालकाला फोन लावला.

मालक मुहर्रकला राहतो, लगेच आला. मी रॉडचा प्लग काढून तो बाजूला ठेवला होता. मासे खरंच हलत नव्हते. मालकाने खुबुसाचा, इथल्या रोटीचा, तुकडा टाकला. तुकडा तरंगत राहिला.

"मच्छी मफी," म्हणजे मासे खलास, असं शेजारी पडेल चेहरा करून मालकाला म्हणाला, आणि तळ्याची लांबी पावलांनी मोजू लागला.

ते मला बघवेना. एखाद्या माशाला जरा ढोसावं म्हणून बाही वर करून वाकलो. काठावर शेवाळ होतं. हॉटेलच्या युनिफॉर्मात, टायसकट, मी पालथा आत गेलो.

मासे चारी दिशांना उधळले. पाणी इतकं गार की माझा आवाज फुटेना, नुसतं बोट दाखवत राहिलो. मालकाने मासे पाहिले, मग मला पाहिलं.

"मच्छी अच्छा," तो म्हणाला. "आदमी में मुश्किल."

तळं राहिलं. मला हात मात्र कोणी दिला नाही. मालक हसण्यात गुंतला होता, आणि शेजाऱ्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मी आपला काठ धरून वर आलो, दात वाजवत.

मालक गेल्यावरही शेजारी हलला नाही. मासे एकेक करून पुन्हा तळाशी चालले होते, ते बघत उभा राहिला.

"फेब्रुवारी बाकी आहे अजून," तो म्हणाला, आणि जिना चढला.