खिशातले तीन फ्यूज

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या मामांचं. ते बेडशाचे, लोणावळ्याजवळच्या एका कारखान्यात वायरमन. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून त्यांनी मला आपल्या एका खोलीच्या बिऱ्हाडात ठेवून घेतलं आणि शिकवलं. मी इंजिनियर झालो, घरातला पहिला पदवीधर, आणि त्याच कारखान्यात त्यांचा साहेब झालो.

सत्तर सालानंतर कधीतरी आमच्या कारखान्यात व्होल्ट मोजायचं नवं मीटर आलं. त्यात काट्याऐवजी लाल आकडे उजळत. मला त्याचं फार अप्रूप. मामांचा भरवसा टेस्ट लॅम्पवर, म्हणजे होल्डरमधला एक बल्ब आणि दोन वायरी; तारेत करंट असला की पेटणार.

त्या पावसाळ्यात पंपाची केबल दुरुस्त करायची होती. लाईन बंद केली की तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, काम संपेपर्यंत कुणाला द्यायचे नाहीत, ही मामांची रीत. मी केबलच्या तारेला मीटर लावलं. नव्वद व्होल्ट.

"मामा, लाईन चालू आहे."

"न्हाई." त्यांनी चिनी मातीचे तिन्ही फ्यूज माझ्यापुढे मांडले. "ह्ये हितं हाईत. मग करंट कुटनं येतोय, आभाळातनं?"

त्यांनी लॅम्प लावला. पेटला नाही. मी म्हणालो, बल्ब गेला असेल. त्यांनी तो शेजारच्या सॉकेटवर पेटवून दाखवला. तरी मी नकारार्थी मान हलवली.

शेजारचा फिटर हसला. "भाऊ, मीटर शिकलेलं हाय. तुमचा बल्ब अंगठेबहाद्दर!"

मी रिपोर्टात लिहिलं, की वायरमनने लाईन बंद न करताच बंद असल्याचं सांगितलं. मामांना लाईनच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते मला कारखान्यात 'साहेब' म्हणू लागले, मग घरीही. एके दिवशी रजा टाकून बेडशाला निघून गेले.

महिन्याभराने दुसरी एक केबल दुरुस्तीला आली. या वेळी फ्यूज मीच काढले, माझ्याच खिशात होते. मीटरवर ऐंशी. केबलच्या चरीच्या कडेला मी फ्यूज काढून मोजले, तिन्ही होते. मग मामांचा लॅम्प मागवला आणि मीटर न काढता त्याच तारेला लावला. तो पेटला नाही. आकडे घसरत शून्यावर आले.

चरीत शेजारून चालू केबल जात होती. तिच्यातून बंद तारेवर उतरणारा विजेचा पोकळ दाब ते नाजूक मीटर दाखवत होतं. त्यात बल्ब पेटवण्याइतकाही जीव नव्हता; बल्ब लावताच तो ओसरून जायचा. मीटरच्या पुस्तकात हे छापलेलं होतं. परीक्षेत मी यावरचं गणितही सोडवलं होतं.

त्या संध्याकाळी खूप दमलो होतो. तरी पत्र लिहिलं.

"मामा, पाया पडतो. तुमची लाईन बंद होती. चूक माझी. मीटरला काय विचारायचं ते मला कळलं नाही, आणि तुम्ही सांगत होता ते मी ऐकलं नाही. तसं रिपोर्टाखाली लिहून सही केली आहे. मोठ्या साहेबांनी कागद नुसता ठेवून घेतला. उद्या पुन्हा जाईन, परवाही जाईन. तुम्हाला लाईनवर परत घेईपर्यंत जाईन. तुमचा लॅम्प माझ्याकडे आहे. पंपाची केबल माझ्या रिपोर्टापासून दुरुस्तीवाचून तशीच आहे. तिचे फ्यूज तुमच्याशिवाय कुणी काढायचे नाहीत, असं मी सांगून ठेवलंय. मला साहेब म्हणू नका."