रिछाईच्या शेडमधला शेल

"मॅडम, एक बार फिर चलाइए. मशीन ठीक तो है ना?" चौबे सर माझ्या मागे उभे राहून स्क्रीनकडे बघत होते.

मशीन ठीक होतं. तोच नमुना मी तिसऱ्यांदा चालवला होता आणि आलेखातली पहिली रेघ तिसऱ्यांदाही सरळ वर चढली होती. एवढी उंच रेघ मी नोकरीत कधी पाहिली नव्हती.

मी जबलपूरच्या एका लॅबमध्ये जिओकेमिस्ट आहे, म्हणजे खडकातलं रसायन तपासते. तेव्हा आमच्याकडे पूर्वेकडच्या एका खोऱ्याचं काम होतं. खोरं म्हणजे इथे कोट्यवधी वर्षं गाळ साचून भरलेला खोलगट प्रदेश. त्या गाळातल्या चिखलाचा दाबून दाबून जो पापुद्र्यांचा काळा दगड होतो, तो शेल. त्यात कुजलेलं वनस्पतींचं द्रव्य असेल आणि ते पुरेसं तापलं असेल, तर दगडातच गॅस अडकून राहतो. तो किती असेल याचा अंदाज बांधणं हे आमचं काम.

त्यासाठी शेलची पूड मशीनमध्ये हवेशिवाय तापवतात. दगडात आधीच मोकळं असलेलं तेल आणि गॅस आधी बाहेर येतं. ती पहिली रेघ. तीच आभाळाला भिडली होती.

"वासनिक मॅडम, आप समझ रही हैं?" चौबे सर म्हणाले. ते आमचे प्रोजेक्ट हेड. "पूरे बेसिन का हिसाब बदल जाएगा."

समजत होतंच. गुरुवारी दिल्लीत सादरीकरण होतं. या आकड्यांवर पुढची सहा बोअरहोल कुठे घ्यायची ते ठरणार होतं. मी प्राथमिक रिपोर्टवर सही केली. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी खूष होते. नवऱ्याला फोन करून सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी दुसरा रिपोर्ट आला. शेलमध्ये कोळशासारखे बारीक कण असतात. ते घासून मायक्रोस्कोपखाली बघितले की किती चमकतात त्यावरून दगड किती तापला होता ते कळतं. हा दगड भरपूर तापलेला होता. इतका, की त्यातल्या तेलाचा केव्हाच गॅस झालेला असायला हवा. मग मोकळं तेल एवढं कुठून आलं? तळाला लागून करपलेल्या भातात पाणी सापडावं, तसं ते होतं.

मी सरांना सांगितलं.

"साइन तो आप कर चुकी हैं," ते म्हणाले. "शक बाद में दूर कर लेंगे."

मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेलमधलं तेल सॉल्व्हंटने काढलं आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर लावलं. हे मशीन तेलातले घटक वेगवेगळे करून दाखवतं. कागदावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा आल्या, मधे उंच, दोन्हीकडे उतरत्या. हा आकार ओळखीचा होता. तरी मी खाली जाऊन लॅबच्या जनरेटरमधलं थोडं डिझेल बाटलीत आणलं आणि तेही लावलं.

दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. रेघेवर रेघ बसली.

ज्या आकड्यांवर मी सही केली होती, ते पेट्रोल पंपावरच्या डिझेलचे होते.

पण ते दगडात गेलं कसं? ड्रिलिंग करणाऱ्यांना फोन केला. ड्रिल गार ठेवायला तिथे निव्वळ पाण्यात कालवलेला चिखल वापरला होता, डिझेलचा संबंध नव्हता. मग उरली फक्त रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतली आमची शेड. ड्रिल करून जमिनीतून काढलेले दगडाचे लांब दांडे, ज्यांना कोअर म्हणतात, ते आम्ही तिथे बॉक्समध्ये ठेवत होतो. मी स्कूटर काढली.

शेडमध्ये शेंडे काका होते. एका संरक्षण कारखान्यातून रिटायर होऊन आमच्याकडे कॉन्ट्रॅक्टवर आलेले, पनागरहून रोज बसने वेळेवर येणारे. मी दारातच थांबले. काका स्टुलावर बसले होते. मांडीवर कोअरचा तुकडा होता. हातातलं फडकं त्यांनी पायाशी ठेवलेल्या डब्यात बुडवलं, पिळलं आणि लहान मूल पुसावं तसा तो दगड पुसू लागले. डिझेलचा वास दारापर्यंत येत होता.

"या ना मॅडम," काका उठले. "काहून, तब्येत बरी नाही काय?"

"काका, हे काय करताय?"

"पुसून राहिलो. धूळ लय बसते इथं. कारखान्यात आम्ही प्रत्येक पार्ट डिझेलनं पुसत होतो. गंज लागत नाही, चमक पण येते."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

ते गोंधळले. "तुम्हीच तं सांगितलं होतं जी. साहेब लोक पाहायला येणार होते तेव्हा. म्हणे, काका, सगळे कोअर स्वच्छ पुसून ठेवा."

सांगितलं होतं. फोनवर, घाईत, दुसऱ्याच कशाच्या तरी मधे.

"सगळे पुसले?"

"खालचा रॅक राहिला. गुडघ्यानं खाली बसवत नाही ना. काही चुकलं काय, मॅडम?"

नंतर सांगते म्हणून मी निघाले. रिछाईहून लॅबपर्यंत स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. एवढंच आठवतं की पार्किंगमध्ये मी बराच वेळ हेल्मेट घालूनच उभी होते.

चौबे सरांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "उस आदमी को आज ही हटाइए. नोट में लिख दीजिए, अटेंडेंट की लापरवाही."

"सर, सूचना माझी होती."

"मॅडम, आपकी नौकरी का सवाल है."

"त्यांच्याही नोकरीचा आहे."

मी नोट लिहिली. त्यात सूचना कुणी दिली, ते माझ्या नावानिशी लिहिलं. सरांनी ती दोनदा वाचली, मग दिल्लीला फोन लावला. फोनवर ते फार कमी बोलले. सादरीकरण रद्द झालं.

खालच्या रॅकमधले कोअर आम्ही मधोमध कापले आणि आतला दगड तपासला. गॅस होता, पण माफक. सहाऐवजी दोन बोअरहोल मंजूर झाली. माझ्या फाइलला मेमो लागला आणि खोऱ्यातल्या गॅसचा अंदाज बांधणाऱ्या टीममधून मला काढलं. शेंडे काका राहिले. काय झालं होतं ते मी त्यांना समजावलं तेव्हा ते इतके हादरले, की दोन दिवस कोअरला हात लावायलाही तयार नव्हते.

समजावायला दहा मिनिटं लागली होती. शेल म्हणजे काय हे मी कितीतरी समित्यांना स्लाइड लावून सांगितलं आहे. रोज तो दगड हाताळणाऱ्या माणसाला सांगायचं मात्र मला तोवर सुचलं नव्हतं.