अंबूच्या रेघा

रविवारी दुपारी सोलापुरात आमच्या घरी एका मोबाईलवरून जुंपली. फोन सुनेचा, म्हणजे रेवतीचा. सारखा हँग होतोय म्हणून आमचे चिरंजीव तो साफ करायला बसले होते...

त्यांची पहिली नजर गेली तिच्या गेमवर. एक बेट आहे म्हणे. त्यावरच्या लपलेल्या विहिरी, देवळं, झाडं शोधत फिरायचं, आणि एकेक सापडलं की वर टक्के वाढतात. रेवतीचे नव्वदच्या पुढे गेलेत. गेम काढला की सगळं पुसलं जाणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं.

लेकाचं म्हणणं, हे टक्के म्हणजे माणसाला अडकवून ठेवायची युक्ती आहे. खेळायचं तर मजेसाठी खेळा, टक्के कसले मोजता? अगदीच खोटं नाही त्याचं. त्या टक्क्यांपायी करपलेली पोळी मीही खाल्लेली आहे...

रेवती भांडली नाही. ओट्याशी भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "घरात काय, ऑफिसात काय, मी आज केलेलं उद्या शिल्लक राहत नाही. तिथं राहतं."

आणि मला एकदम अंबू आठवली.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो आणि अंबू मागच्या बोळात. घरात तेलुगू, वडील मागावर कापड विणायचे, आई विड्या वळायची. चौथीनंतर शाळा सुटली तशी अंबूही वळायला लागली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं... संध्याकाळी विड्या कारखान्यात देऊन झाल्या की पोरगी तडक आमच्या अंगणात. बोटांना तंबाखूचा वास यायचा, म्हणून आई आधी हात धुवायला पिटाळायची.

आम्ही पोरी सागरगोटे खेळायचो. एकखई, दुखई करत सगळे टप्पे न चुकता संपवले की भिंतीवर कोळशानं एक रेघ. भिंत अर्थातच आमची! प्रत्येकीची जागा ठरलेली, अंबूची खिडकीखाली.

आता खरं सांगायचं तर त्या रेघांनी आमची डोकी फिरवली होती. शेजारची सुमी रेघेसाठी बिनदिक्कत रडीचा डाव खेळायची. माझी रेघ हुकली की मी तोंड फुगवून बसायची, जेवायला वाढलं तरी उठायची नाही.

अंबूचं मात्र निराळंच होतं. ती आली की आधी खिडकीखाली जायची आणि आपल्या रेघा नुसत्या बघायची. मग खेळायला बसायची. हरली तरी हसायची, कारण आधीच्या रेघा कुठं जात नव्हत्या... हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वाटायचं, हिला जिंकायची हौसच नाही.

दिवाळी आली. आईनं चुना भिजवला, त्यात नीळ घातली आणि पदर खोचला. बार्शीच्या आत्याबाई येणार होत्या, आणि त्यांच्या जिभेला माझी आई फार भ्यायची. पुढच्याच भिंतीवर कोळसा बघून त्या काय म्हणतील, हीच तिला धास्ती. अंबूच्या तेवढ्या राहू दे म्हणून मी मागं लागले, तर मला गप्प बसवलं.

सुमीच्या रेघा गेल्या. माझ्या गेल्या. कुंचला खिडकीपाशी पोचला आणि नेमकी तेव्हाच अंबू आली. चुन्याच्या बादलीपाशी उभी राहिली... तिचा चेहरा बघून आईनंच विचारलं, एवढं काय गं त्या रेघांचं?

अंबू खाली बघत म्हणाली, "विडी रोज सांजच्याला जातंय की काकू. सकाळी परत सूप रिकामं. हितलं तेवढं ऱ्हातंय."

आईचा हात थांबला. चुना तिच्या कोपरापर्यंत ओघळत आला, तरी तिचं लक्ष नव्हतं. मग हळूच म्हणाली, "व्हय गं बाई. माझ्या भाकरीच्या रेघा मारल्या असत्या तर ही भिंत पुरली नसती."

आणि तिनं तो तुकडा सोडून कडेकडेनं चुना लावला. अगदी सावकाश, कोळशाला कुंचला लागू न देता.

आत्याबाई आल्या आणि त्यांनी नाक मुरडलंच. आई म्हणाली, ते अंबूचं आहे, ते राहणार. आई त्यांना उलट बोललेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आत्याबाईंनीही नसावी, कारण त्या मुकाट्यानं चहा प्यायल्या.

पुढं अंबू लग्न होऊन अक्कलकोटकडं गेली. तरी आई दर दिवाळीला तेवढा तुकडा सोडायची. आजूबाजूला चुन्यावर चुना चढत गेला आणि ती जागा कोनाड्यासारखी आत गेलेली दिसायला लागली... आम्ही ते घर सोडलं तेव्हाही रेघा होत्या.

तर रविवारी लेक अजून विचारतच होता, काढू का गेम? मी म्हटलं, "त्यातले माझे फोटो उडव, व्हिडिओ उडव, काय काढायचं ते काढ. तेवढा तुकडा सोड."

कसला तुकडा, त्याला काही कळेना. मग दोघांना समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्यानं फोन रेवतीच्या हातात दिला. संध्याकाळी ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि तिनं पहिल्यांदाच मला तिचं ते बेट दाखवलं... छान आहे हो, विहिरी तर फारच सुंदर आहेत.

रात्री पडल्या पडल्या मात्र आईचंच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. भिंत पुरली नसती म्हणाली होती, आणि आम्ही तिच्या भाकरीची एकसुद्धा रेघ कधी मारली नाही.

आई, हे लिहून तुझ्या नावाची ही एक मारतेय. कुणी पुसणार नाही.