एतेल्काचा विझलेला ठिपका

बोर्बाश एतेल्काने तीस वर्षं आमच्या गावात टपाल वाटलं. चढावर सायकल ढकलत, कुत्र्यांना शिव्या घालत. निवृत्त झाल्यावर बायका नवे पडदे घेतात. हिने दुर्बीण घेतली, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला सरकतं छप्पर बसवून ती त्यात ठेवली. कोंबड्या शेजारच्या वेंडेलला, म्हणजे तिच्या धाकट्या दिराला, देऊन टाकल्या. गाव हसलं. मीही हसलो, खोटं कशाला सांगू?

मी काझमेर. बाकोनीच्या डोंगरात हिवाळ्यात लोक डुक्कर मारायला आणि सॉसेजं भरायला मला बोलावतात. त्या दिवशी घर मालकाचं नसतं, माझं असतं. माझ्या कामात कुणी नाक खुपसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्या जानेवारीत वेंडेलचं डुक्कर होतं. पहाटे पेंढ्याच्या जाळावर केस भाजून काढले, दिवसभर कापलं, मळलं, भरलं. एतेल्का सकाळपासून हाताखाली होती. लसूण तिच्याइतका बारीक कुणी कुटत नाही. पाच वाजता सॉसेजं धुराच्या खोलीत टांगून मी काड्यापेटी काढली, तर ही दारात आडवी उभी.

"काझमेर, नऊपर्यंत पेटवू नकोस."

"का? तुझ्या ताऱ्यांना खोकला येतो?"

"दहा दिवसांनी धुकं हटलंय. वारा माझ्याकडे आहे, तुझा धूर सरळ माझ्या दुर्बिणीपुढून जाणार."

वेंडेल हात पुसत आला. "वहिनी, मांस नासलं तर काय तारे खायचे आम्ही?"

"बाहेर उणे सहा आहे. कसलं नासतंय! अंगणातला दिवाही बंद कर."

मग तिने जे सांगितलं ते असं. डिसेंबरात, शेजारच्या अँड्रोमेडा दीर्घिकेत एक नवा ठिपका तिला सगळ्यांआधी दिसला होता. तिथे असे ठिपके वर्षाला पंचवीस-तीस निघतात. एखादा तारा वरच्या थरातच भडकतो आणि विझतो. ते बघणाऱ्या तिच्या ओळखीच्या मंडळींची रीतच ठरलेली: निळ्या फिल्टरमधून मोजायचं, ठिपका मंद झाला की वहीत फुली मारायची. हिनेही फुली मारली आणि ठिकठिकाणच्या तेरा जणांना कळवलं, संपला. हिच्या नजरेवर त्यांचा भरवसा, त्यामुळे तेराही दुर्बिणी दुसरीकडे वळल्या. नाताळानंतर जुने फोटो चाळताना तिला फुली मारली त्याच रात्रीचा एक फोटो सापडला, चुकून लाल फिल्टर राहिलेला. त्यात ठिपका ठणठणीत होता. दोन तारे एकमेकांत मिसळले तर म्हणे असंच होतं. निळा उजेड झटकन ओसरतो, लाल महिनोन्महिने रेंगाळतो. आणि ही गोष्ट पाहायला मिळते ती फार क्वचित.

"मग परत कळवायचंस ना त्यांना," मी म्हणालो.

"कळवलं. 'बहुतेक अजून असावा' असं. बहुतेकवर कोण थंडीत बाहेर पडतं?" ती म्हणाली. "बुडापेश्टच्या वेधशाळेतल्या बाई म्हणाल्या, चुकून काढलेल्या एका फोटोवर मोठी दुर्बीण वळवता येत नाही. आज दहापर्यंत दुसरा लाल फोटो दिला नाही, तर त्या दुर्बिणीची आजची रात्र दुसऱ्याच्या कामाला जाणार."

"जाऊ दे गं, एका ठिपक्यापायी..." वेंडेल म्हणाला.

"मी घालवलाय तो. मीच परत आणणार."

तिचा आवाज चढला नाही, म्हणून मी काड्यापेटी खिशात घातली. नऊ म्हणजे नऊ, असं दटावून सांगितलं.

आत कोबी, सॉसेज, पालिंकाची दारू, गाणी सुरू झाली. वेंडेल मात्र घासागणिक कुरकुरत होता. साडेआठला मी ताट घेऊन खुराड्यात गेलो. एतेल्का दोन कोट चढवून संगणकापुढे बसली होती, बोटं पांढरी पडलेली. साठ फोटो एकावर एक रचून तिने एक केला होता. मला त्यात करड्या कण्यांशिवाय काही दिसेना. तिने बोट ठेवलं.

"हा."

"एवढासा?"

"एवढासाच. पण डिसेंबरात लालमध्ये होता तेवढाच आहे, तसूभर कमी नाही."

पंचवीस लाख वर्षं वाट तुडवत आलेला उजेड, आणि मी तो सॉसेजच्या धुरात घालवणार होतो! मला लाज वाटली. माझ्यामागून वेंडेलही आला होता. ती बुडापेश्टला आणि त्या तेरा जणांना लिहीत होती. पहिली ओळ होती: मी चुकले. तो संपलेला नाही.

"वहिनी, फोटो पाठव, पण ती पहिली ओळ काढ," वेंडेल म्हणाला. "आपणहून नाक कशाला कापून घेतेस?"

"माझ्या शब्दावर गेलेत ते. त्यांना आणायचं तर शब्द मलाच फिरवायला हवा." तिने पत्र पाठवून दिलं.

नऊ वाजून गेले. मी उठलो तर वेंडेलनेच माझी बाही धरली. "थांब रे जरा. कुणी काही म्हणतंय का बघू."

पहिलं उत्तर बुडापेश्टहून आलं: मोठी दुर्बीण आज तुमच्या ठिपक्यावर. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. मग त्या तेरा जणांतल्या, त्रिएस्तेच्या एका म्हाताऱ्याचं आलं, दोनच वाक्यांचं: लाल फिल्टर लावला. आहे.

एतेल्काने ते दोनदा मोठ्याने वाचलं, आणि मग लसणाचा वास येणाऱ्या हातांत तोंड लपवून ती हुंदके देत रडली.